बकऱ्याचं वजन आणि गोश्ताचं वजन : कोणती जात किती वाढते, किती उतरते?

ईद-उल-अजहा जवळ आली की यावलच्या गल्ल्यांमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "किती किलोचा आहे?" कुणी सांगतं चाळीस, कुणी पन्नास. कुणी शेजाऱ्याच्या बकऱ्याकडे बघून मनातल्या मनात आपल्या बकऱ्याचं वजन दोन किलोने वाढवतं. पण त्या किलोंमध्ये गोश्त किती, चारा-पाणी किती, हाड-चामडं किती, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कुर्बानी इबादत आहे, तिचं मोल किलोवर ठरत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण बकरा विकत घेणं हा व्यवहार आहे, आणि बकरा पाळून विकणं हा आपल्याच अनेक घरांचा रोजगार आहे. व्यवहारात मोजमाप चोख असावं, हीसुद्धा दीनचीच शिकवण आहे. म्हणून हा लेख.

आम्ही शाळेत शिकवतो. शेकडेवारीचं गणित मुलांना समजावताना आम्ही बरेचदा बकऱ्याचंच उदाहरण घेतो, कारण ते प्रत्येक घरात कळतं. तेच गणित इथे थोडं सविस्तर मांडतो.

गाय-बैलांची तुलना इथे का नाही?

जगात जनावरांच्या जातींची वाढ आणि गोश्त यांवर सर्वात मोठं काम गोवंशावर झालेलं आहे. आपल्या राज्यात मात्र १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती आणि ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्या बंदीत आले. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. म्हैसवर्गीय जनावरांसाठीही सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. तेव्हा कुर्बानीसाठी गाय-बैलाचा विषय आपल्याकडे कायद्यानेच बंद आहे आणि तो कायदा पाळणं आपल्या सगळ्यांच्या भल्याचं आहे. तसंही आपल्या महाराष्ट्रातल्या खिल्लार, डांगी, गवळाऊ या जाती मुळात ओढकामासाठी आणि शेतीसाठी घडल्या. खिल्लारचीच तापी-थिल्लारी नावाची शाखा तर आपल्या खान्देशची आहे.

पण त्या मोठ्या कामातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर इथल्या सरकारी संशोधन केंद्रात १९६९ पासून गोवंशाच्या अनेक जाती एकसारख्या गायींशी संकर करून, एकाच ठिकाणी, एकाच खुराकावर वाढवून तपासल्या गेल्या. त्यात शारोले, सिमेंटल, लिमोझिन, जर्सी होत्या. भारतीय गायींच्या रक्तातून तिकडे तयार झालेली ब्राह्मन होती आणि पंजाबची साहिवालसुद्धा होती. निष्कर्ष काय निघाला? सगळ्या गोष्टींत पहिला नंबर आणणारी एकही जात नाही. मोठ्या अंगाच्या जाती झपाट्याने वाढल्या, त्यांचं गोश्त जास्त आणि चरबी कमी निघाली, पण त्यांना तयार व्हायला वेळ लागला. लहान अंगाच्या जाती लवकर भरल्या, पण चरबीही लवकर धरली. साहिवाल आणि ब्राह्मनच्या संकरांचं गोश्त थोडं चिवट निघालं, पण उष्णता सोसण्यात तेच पुढे.

दुसरी शिकवण त्याहून महत्त्वाची. तुलना कशावर करता यावर उत्तर बदलतं. सारख्या वयाला तुलना केली तर एक जात पुढे, सारख्या वजनाला केली तर दुसरी, आणि सारख्या चरबीला केली तर तिसरीच. बकऱ्यांना हाच नियम लागू आहे. "सिरोही भारी की उस्मानाबादी?" असं कुणी विचारलं तर आधी विचारावं, "किती महिन्यांच्या वयाला? कोणत्या खुराकावर?"

दोन मोजमापं : वाढ आणि उतारा

वाढ मोजायची म्हणजे जन्माचं वजन, तीन महिन्यांचं म्हणजे दूध तुटतानाचं वजन, मग सहा, नऊ आणि बारा महिन्यांचं वजन. दोन वजनांमधल्या फरकाला मधल्या दिवसांनी भागलं की रोजची वाढ मिळते. समजा तीन महिन्यांचं करडू ९ किलो होतं आणि वर्षाचा बोकड साडेबावीस किलो भरला. साडेतेरा किलो वाढ, २७० दिवस. रोजची वाढ ५० ग्रॅम. आपल्याकडे चरून वाढणाऱ्या गावरान बकऱ्यांची वाढ साधारण इतकीच असते. चांगल्या खुराकावर ती बरीच वाढते आणि बोअरसारखी गोश्तासाठीच घडवलेली जात उत्तम खुराकावर रोज १५० ग्रॅमच्या पुढेही जाते.

दुसरं मोजमाप उताऱ्याचं. बकरा हलाल केल्यावर चामडं, मुंडी, पाये, पोट-आतडी काढून जो धडाचा गोश्त हाडासकट राहतो, त्याचं वजन भागिले जिवंत वजन, गुणिले शंभर. हा उतारा आपल्या देशी बकऱ्यांमध्ये साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे ३५ किलोच्या बकऱ्यातून सुमारे १४ ते साडेसतरा किलो गोश्त. त्यातही पाव ते पंचमांश भाग हाडाचा असतो.

बाकीचं जातं कुठे? सर्वात मोठा वाटा पोटातल्या चाऱ्या-पाण्याचा. भरल्या पोटाच्या बकऱ्यात जिवंत वजनाच्या दहा ते वीस टक्के तेच असतं. मग चामडं, मुंडी, पाये, रक्त, आतडी, कलेजी, गुर्दे, आतली चरबी. यातलं बरंच काही आपण खातो. मुंडी-पाये आणि वजडी वाया जात नाही, म्हणून घरच्या हिशोबात ते वेगळं मोजावं. पण "गोश्त किती निघालं?" असं विचारताना शेजारी धडाचं सांगत असेल आणि तुम्ही कलेजी-मुंडीसकट सांगत असाल, तर तुलना चुकणारच.

एक साधा हिशोब बघा. भाव फक्त उदाहरणासाठी धरू. जिवंत वजनाला ४५० रुपये किलो. दोन बकरे, दोन्ही ३५ किलोचे, दोन्हींची किंमत १५,७५० रुपये. पहिल्याचा उतारा ५० टक्के, गोश्त साडेसतरा किलो, म्हणजे गोश्ताचा भाव ९०० रुपये पडला. दुसऱ्याचा उतारा ४२ टक्के, गोश्त १४ किलो ७०० ग्रॅम, भाव पडला १,०७१ रुपये. काट्यावर दोघे सारखेच होते. फरक पावणेतीन किलोंहून जास्त.

कोणती जात कशी?

खाली पूर्ण वाढलेल्या जनावरांची सरासरी वजनं दिली आहेत. ईदच्या बाजारात खास खुराकावर ठेवलेले बकरे यापेक्षा बरेच वजनदार दिसतात. ते त्या जातीचं सरासरी रूप नव्हे.

उस्मानाबादी. धाराशिव, लातूर, बीड, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यातली. बहुतेक काळी, काही पांढरी, तांबडी किंवा ठिपक्यांची. नर साधारण ३४ किलो, मादी ३२ किलो. मोठं अंग नाही, पण जुळी करडं देण्यात पुढे आणि दुष्काळ सोसणारी. उतारा ४५ टक्क्यांच्या आसपास, चांगल्या खुराकावर त्याहून वर. पाळणाऱ्याच्या दृष्टीने दोन मध्यम करडं एका मोठ्या करडापेक्षा जास्त गोश्त देतात, हे विसरू नये.

संगमनेरी. संगमनेर, नाशिक, पुणे भागातली. जास्त करून पांढरी. नर सुमारे ३८ किलो, मादी २९ किलो. दूध आणि गोश्त दोन्हींसाठी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचं काम चालत आलं आहे.

बेरारी आणि कोकण कन्याळ. बेरारी अकोला, अमरावती, वर्धा या वऱ्हाड पट्ट्यातली, तपकिरी रंगाची, तोंडावर पट्टे असलेली. कोकण कन्याळ सिंधुदुर्गची, जोरदार पावसात टिकणारी. उस्मानाबादी, संगमनेरी आणि या दोन अशा महाराष्ट्राच्या चार नोंदलेल्या शेळीजाती आहेत.

खान्देशी किंवा निमाडी. गुजरातची सुरती ही पांढरी, दुधाळ शेळी आपल्या खान्देशी-निमाडी शेळीशी मिळतीजुळती मानली जाते. आपल्या भागात मात्र दारोदारी दिसणारी बहुतेक जनावरं मिश्र रक्ताची, म्हणजे गावरान. सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा घरांच्या दारात बांधलेल्या शेळ्या बघा. डोंगर चढतात, पाला ओरबाडून खातात, औषधपाणी क्वचितच मागतात. अंग लहान, वाढ सावकाश, पण खर्च जवळजवळ नाही.

सिरोही. राजस्थानची. तपकिरी अंगावर गडद ठिपके. नर सुमारे ५० किलो. आपल्या उष्ण हवेत चांगली टिकते. उस्मानाबादीपेक्षा अंग मोठं, म्हणून वर्षाला वजनही जास्त.

जमनापारी आणि बीटल. जमनापारी उत्तर प्रदेशातल्या इटावाची, बाकदार नाकाची, लांब कानांची. नर ४५ किलोच्या घरात. बीटल पंजाबची, नर ५९ किलोच्या आसपास. दोघांचा थाट मोठा, उंची मोठी, हाडही मोठं. उंच बकरा लहान वयात भरलेला नसतो, त्याला अंग धरायला वेळ द्यावा लागतो. वर्षाच्या आत घेतलेला उंच बकरा दिसायला मोठा, पण मांडी-पुठ्ठ्यावर रिकामा असू शकतो.

बरबरी. लहान अंगाची, उभ्या कानांची, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. नर ३८ किलो, मादी २३ किलो. लवकर वयात येते, जुळी देते, बांधून पाळता येते. गल्लीतल्या छोट्या घराला सोयीची.

सोजत. राजस्थानचीच, पांढरी आणि गुलाबी कातडीची. ईदच्या बाजारात हिला मोठी मागणी. गुजरी आणि करौलीसोबत हिची जात म्हणून नोंद अलीकडेच झाली. देखणेपणामुळे भाव चढतो, पण देखणेपण उताऱ्यात मोजलं जात नाही.

बोअर. दक्षिण आफ्रिकेची, गोश्तासाठीच निवडून घडवलेली. पांढरं अंग, तांबडं डोकं. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही जात गोठवलेल्या भ्रूणांच्या रूपात आणली. देशी शेळीशी संकर केला की करडांची वाढ आणि मांडीचा भरणा दोन्ही वाढतात. पण खुराक नसेल तर बोअरचं रक्त काहीच कामाचं नाही. उपाशी बोअरपेक्षा पोटभर चरलेली गावरान बरी.

जातीपेक्षा मोठ्या गोष्टी

एकाच जातीतल्या दोन बकऱ्यांमधला फरक कित्येकदा दोन जातींमधल्या सरासरी फरकापेक्षा मोठा असतो. तो कशाने पडतो?

पहिलं, जन्म. एकट्या जन्मलेल्या करडाला आईचं सगळं दूध मिळतं, जुळ्यांना वाटून. नर करडू मादीपेक्षा जड. पहिलटकर शेळीची करडं थोडी हलकी.

दुसरं, खुराक. यावल-रावेर-चोपडा हा केळीचा पट्टा. केळीची पानं आणि खांब जनावरांना घालायची आपल्याकडे रीत आहे. पण केळीच्या खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. त्याने पोट भरतं, अंग भरत नाही. हरभऱ्याची, तुरीची, उडदाची कुटार, सुबाभूळ, शेवरी, बाभळीच्या शेंगा आणि वर मक्याचा भरडा आणि थोडी सरकी ढेप, असा मिलाफ असेल तर वाढ दिसते. सोबत मीठ-क्षार, वेळेवर जंतनाशक आणि पीपीआरची लस. जंत पोटात असताना दिलेला खुराक जंतच खातात.

तिसरं, खस्सी करणं. खस्सी बकरा शांत राहतो, वास येत नाही, चरबी लवकर धरतो. खस्सी न केलेला बोकड पातळ गोश्ताचा आणि जास्त वाढीचा. खस्सी जनावराची कुर्बानी चालते, यावर उलमांचं स्पष्ट म्हणणं आहे. शेळीवर्गाची एक खासियत अशी की ती चरबी कातडीखाली कमी आणि पोटात, गुर्द्यांभोवती जास्त साठवते. म्हणून फार लठ्ठ बकऱ्याचा पैसा बराचसा अशा चरबीत जातो जी धडाच्या गोश्तात मोजलीच जात नाही.

वय, दात आणि ईदची तारीख

कुर्बानीच्या बकऱ्याला हिजरी हिशोबाने एक वर्ष पूर्ण हवं. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं. खालच्या जबड्यातले मधले दोन दुधाचे दात पडून मोठे दात साधारण बारा ते पंधरा महिन्यांत येतात, कधी त्याहून उशिराही. म्हणून "दोन दाती" ही वयाची खूण. घरच्याच बकऱ्याचं वय खात्रीने माहीत असेल तर दात आले नसले तरी चालतं. बाजारात अनोळखी माणसाकडून घेताना मात्र दातच साक्षीदार.

इथे पाळणाऱ्यांसाठी एक बारीक हिशोब आहे. आपल्याकडे बऱ्याच शेळ्या पावसाच्या सुरुवातीला, हिरवा चारा आला की माजावर येतात. पाच महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात वितात. आता ईद बघा. २०२३ मध्ये २९ जून, २०२४ मध्ये १७ जून, २०२५ मध्ये ७ जून. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत ती मे महिन्यात चालली आहे. डिसेंबरात जन्मलेलं करडू पहिल्या ईदला सहाच महिन्यांचं असतं, कुर्बानीला चालत नाही. दुसऱ्या ईदला ते अठरा महिन्यांचं होतं. म्हणजे ईदसाठी पाळायचं तर दीड वर्षाचा खर्च धरावा लागतो. ज्यांना एक-सव्वा वर्षात माल तयार हवा त्यांनी शेळ्या हिवाळ्याच्या आधी भरवाव्यात, म्हणजे करडं मार्चच्या आसपास येतील. पण मग उन्हाळ्यात आई आणि करडं दोन्हींना चारा-पाणी पुरवण्याची तयारी ठेवावी. जात निवडण्याआधी ही तारीख निवडावी लागते.

फुगवलेलं वजन

काही वर्षांपूर्वी आम्ही एका बाजारातून संध्याकाळी काट्यावर ४२ किलोचा बकरा घेतला. घरी आणला, रात्रभर बांधला. सकाळी शेजारच्या काट्यावर ३८ किलो भरला. आधी वाटलं काटा खोटा. काटा खरा होता. बकऱ्याला मीठ चाटवून वर पाणी पाजलेलं होतं. ते चार किलो पाणी आम्ही गोश्ताच्या भावाने विकत घेतलं होतं. असा माल दाखवणाऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं. आम्ही त्यातून दोन गोष्टी शिकलो. एक, बकरा सकाळी, चारा-पाण्याच्या आधी तोलून घ्यावा. दोन, पोटाकडे नव्हे, पुठ्ठ्यावर आणि पाठीवर हात ठेवून बघावं. कंबरेच्या मणक्यांवर बोटं फिरवा. हाड टोचत असेल तर बकरा सुका आहे, पोट कितीही मोठं असो. हाड हाताला लागतं पण टोचत नाही, वर मांसाचा भरणा आहे, तो चांगला. हाड सापडतच नसेल तर चरबी जास्त.

याच्या उलट दुसरी चूक आपण घरात करतो. बकरा आणला की मुलं लाडाने गहू, बाजरी, भाकरी, पोळ्या भरवतात. चाऱ्याची सवय असलेल्या पोटात एकदम धान्य गेलं की आम्ल तयार होतं, पोट फुगतं, बकरा मान टाकतो. आमच्या गल्लीतल्या एका घरी ईदच्या दोन दिवस आधी असाच बकरा गेला. घरातलं लहान मूल आठवडाभर रडत होतं, कारण शेवटची पोळी त्यानेच भरवली होती. दोष मुलाचा नव्हता. सांगणारं कुणी नव्हतं. धान्य द्यायचं तर मूठभरापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवावं आणि आधी सुका चारा द्यावा. पोट फुगलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा.

काटा नसेल तर शिंप्याची टेप

बकऱ्याला सपाट जागेवर सरळ उभं करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत अंगाची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ घेर २८ इंच, लांबी २६ इंच. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४. गुणिले २६ म्हणजे २०,३८४. भागिले ६६० म्हणजे जवळपास ३१ किलो. हा अंदाज आहे. दोन-तीन किलो इकडेतिकडे होतं आणि गाभण शेळीला हा हिशोब लावू नये. पण डोळ्याच्या अंदाजापेक्षा टेप नक्कीच बरी.

हलाल करण्याआधी आणि नंतर

कुर्बानीच्या आधी बारा तास चारा बंद ठेवावा, पाणी मात्र द्यावं. पोट हलकं राहतं, साफसफाई सोपी होते. बकऱ्याला पळवू नये, ओढू नये, दुसऱ्या जनावरासमोर हलाल करू नये, सुरी त्याच्यासमोर धार लावू नये. ही सुन्नतची तालीम आहे आणि गोश्ताचं शास्त्रही त्याच बाजूचं आहे. घाबरलेल्या, थकलेल्या जनावराच्या अंगातली साखर संपून जाते, मग गोश्तात नेहमीचं आम्ल तयार होत नाही. असं गोश्त गडद, चिकट होतं आणि लवकर खराब होतं.

ताजं, गरम गोश्त लगेच फ्रीजरमध्ये कोंबलं तर ते आकसून चिवट होतं. आधी काही तास सावलीत, हवेशीर, झाकून आणि मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून नंतर गोठवावं. पण जळगाव जिल्ह्याच्या मे-जूनच्या उन्हात बाहेर जास्त वेळ ठेवणंही धोक्याचं. म्हणून लहान वाटे करावेत आणि वाटपाचं गोश्त त्याच सकाळी पोहोचवावं. कसायाची मजुरी गोश्तात किंवा चामड्यात न देता पैशात द्यावी, हा मसलाही लक्षात असू द्यावा.

जाता जाता

आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी दोन शेळ्या आहेत. वडील नाहीत, आई त्याच सांभाळते. दरवर्षी ईदच्या आधी व्यापारी दारात येतो, बकऱ्याच्या पाठीवर हात फिरवतो आणि नगावर भाव सांगतो. एका वर्षी तो म्हणाला, "अठ्ठावीस किलो भरेल, जास्त नाही." त्याच आठवड्यात आम्ही वर्गात टेपचं गणित घेतलं होतं. मुलीने घरी जाऊन मोजलं. घेर २९ इंच, लांबी २७ इंच. उत्तर आलं ३४ किलोंच्या वर. आईला विश्वास बसेना. मग मायलेकींनी बकरा केळीच्या वजनकाट्यावर नेला. भरला साडेतेहतीस किलो. व्यापारी दुसऱ्या दिवशी आला तेव्हा आई काट्याची चिठ्ठी हातात घेऊन उभी होती. सौदा झाला, काट्याच्या वजनावर.

ज्यांना चांगल्या जातीचा बोकड किंवा पाट हवी आहे, त्यांच्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यातल्या बिलाखेडला आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. त्यातल्या किती शेळ्या अशाच एखाद्या आईच्या दावणीला असतील, याचा विचार करा. जात कोणतीही घ्या. घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने दोघांनी तोलून घ्यावं, तोलून द्यावं. यंदा बकरा घ्यायला निघाल तेव्हा खिशात पैशांबरोबर एक टेपही असू द्या.